रक्तातलं नाही, मनगटातलं

‘‘हिला काय शिकवायचं? हिच्या तर रक्तातच आहे.’’

नागपुरात सक्करदऱ्याच्या मैदानावर दादांनी हे साऱ्यांसमोर म्हटलं. दादा म्हणजे आमच्या ढोल-ताशा पथकाचे प्रमुख. नवी पोरं-पोरी भरती झाली होती. चांगला वादक कशानं होतो, ते दादा त्यांना समजावत होते. अंगात दम लागतो म्हणाले, एका इंजिनिअरला उभं केलं. संयम लागतो म्हणाले, डॉक्टरांच्या ऋचाला उभं केलं. ‘‘तपश्चर्या आहे हिची.’’ टाळ्या. मग मला उभं केलं. माझ्यासाठी त्यांच्याकडे गुण नव्हता. रक्त होतं.

‘‘पिढ्यानपिढ्यांचं आहे यांचं.’’

पोरं हसली. मीही हसले. हसल्यावर तोंड कडू झालं.

पथकाचा मुख्य ताशा माझ्याकडे होता. सारे ढोल माझ्या मागे चालायचे. तो मान मला कोणी आंदण दिला नव्हता. सकाळी ड्युटीच्या आधी गच्चीवर, जुन्या टायरच्या तुकड्यावर मी काड्या मारायची. बोटं फुटायची. चिकटपट्टी लावायची, पुन्हा बसायची. एक बोल हातात बसायला अख्खा उन्हाळा गेला. दादांनी ते एका वाक्यात पुसलं. ऋचाची तपश्चर्या. माझं रक्त.

आणि काय होतं त्या रक्तात? नरखेडकडच्या आमच्या गावात माझ्या आबांना, म्हणजे आजोबांना, पाटलाच्या दारी डफडं वाजवायचं बोलावणं यायचं. बोलावणं कसलं, हुकूम. लग्न त्यांचं, वरात त्यांची. आबा सगळ्यांच्या पुढे, उन्हात, अनवाणी. जेवण सगळ्यांच्या शेवटी, गोठ्याजवळ. धम्म घेतल्यावर आबांनी डफडं फोडलं. पाटलाला वाकून जोहार घालणं सोडलं. गावानं काम बंद केलं, पाणी बंद केलं. आबा बिऱ्हाड घेऊन नागपुरात आले.

म्हणून मी पथकात गेले तेव्हा बाबा म्हणाले होते, ‘‘आबानं फोडलं, ते तू काहून गळ्यात घालून राहिली वं?’’

‘‘बाबा, इथं हुकूम नाही. मी माझ्या मनानं वाजवून राहिली.’’

मला तसंच वाटत होतं.

पाडव्याच्या शोभायात्रेचा विषय ठरला, आपली परंपरा. सरावाच्या वेळी दादा मला म्हणाले, ‘‘तू या वेळी ताशा नको घेऊ. डफडं घे. खांद्यावर घोंगडी, पायात काही नाही, एकदम ओरिजनल. सगळ्यांच्या पुढे चालायचं. गांधीबागेत व्यापाऱ्यांचं स्टेज आलं की वाकून जोहार घालायचा. पब्लिक खूश होईल.’’

मी काड्या थांबवल्या.

‘‘दादा, डफडं मी वाजवणार नाही.’’

‘‘काहून? तुमचंच तर आहे ते.’’

‘‘आमच्यावर लादलं होतं. आबांनी फोडलं.’’

‘‘एवढी सीरियस काय होऊन राहिली? ॲक्टिंग आहे. कलेत जात आणू नको.’’

‘‘जात तुम्ही आणली. ॲक्टिंगच आहे तर जोहार तुम्ही घाला.’’

ऋचा रोज माझ्या डब्यातली भाजी खायची. ती ढोलाची दोरी आवळत राहिली. मान वर केली नाही.

‘‘ताशा पथकाचा आहे,’’ दादा म्हणाले. ‘‘ठेव आणि नीघ.’’

ठेवला. निघाले. मागून कोणी आलं नाही.

घरी सांगितलं. बाबा म्हणाले, ‘‘आबाले आवडलं असतं.’’ आणि डोळे पुसले. मला रडू आलं नाही. राग आला. तो अजून आहे.

शोभायात्रा निघालीच. डफडं आमच्याच वस्तीतल्या एकाच्या गळ्यात होतं. स्टेजसमोर तो वाकला. लोकांनी व्हिडिओ काढले. मला तिघांनी पाठवला.

यंदा दादांचा फोन आला. मुख्य ताशाला माणूस मिळत नव्हता. ‘‘झालं गेलं विसर. तुझ्यासारखा हात कोणाचा नाही.’’

मी म्हणाले, ‘‘त्या मैदानावर साऱ्यांसमोर सांगा, हा हात हिनं कमावला. आणि जोहाराची माफी मागा. मग बोलू.’’

त्यांनी फोन ठेवला.

आता माझा स्वतःचा ताशा आहे. रविवारी सकाळी वस्तीतल्या पोरी शिकायला येतात. पहिल्या दिवशी मी ताल शिकवत नाही. ‘नाही वाजवणार’ म्हणायला शिकवते. मोठ्यानं. समोरच्याच्या डोळ्यांत पाहून. ज्या पोरीला ते जमत नाही, तिला मी पुढचं काहीच शिकवत नाही.