माझ्या गैरहजेरीत बंद पडणारा कम्प्युटर

आमचा कम्प्युटर फक्त मी घरात नसतानाच बंद पडायचा.

मी समोर बसलो की पहिल्या बाकावरच्या मुलासारखा निमूट काम करायचा. मी सातपूरला कंपनीत गेलो, की दुपारी केव्हातरी निळा पडदा दाखवून मोकळा! संध्याकाळी दार उघडलं की तो निळा उजेड हॉलभर पसरलेला असायचा आणि माझी बायको कविता, शाळेतून येऊन, माझ्याकडे न बघता मेथी निवडत असायची. न बघण्याच्याही तऱ्हा असतात. तिची तऱ्हा फार बोलकी आहे.

हा कम्प्युटर साधासुधा नव्हता, हे आधीच सांगतो. मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. वडील लासलगावच्या मार्केटला दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवायचे, आई सायखेड्याची, चौथीपर्यंत शिकलेली. मी बी.एस्सी. झालो तेव्हा भाड्याचा काळा गाऊन घालून काढलेला फोटो आजही आमच्या हॉलमध्ये देवांच्या रांगेत आहे. (आई त्याला दसऱ्याला हारसुद्धा घालायची. जिवंत माणसाच्या फोटोला हार घालत नाहीत, असं सांगून कविताने ते लग्नानंतर बंद केलं.) तर अशा माणसाने बाजारातून तयार कम्प्युटर आणायचा म्हणजे काय! एकेक भाग मी स्वतः निवडला, स्वतः जोडला. शेवटी दोन स्क्रू उरले. ते जादा दिले असणार.

आता त्या कम्प्युटरवर काय अडलं होतं ते सांगतो. माझे सासरे, आप्पा, मनमाडचे. रेल्वेत गार्ड होते. त्यांची पंचाहत्तरी आमच्या घरी करायची ठरली होती, येत्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांचा फोटो घरात एकच, रेल्वेच्या पासावरचा, ज्यात त्या कोणाच्याच ओळखीच्या वाटत नाहीत. पण आमच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये एक प्रसंग होता. मांडवाच्या दारात त्या आप्पांचा फेटा सरळ करतात, काहीतरी बोलतात आणि हसतात. बस, एवढंच. कॅसेट इतकी जुनाट की सगळं वऱ्हाड धुक्यात लग्नाला आल्यासारखं दिसायचं आणि आवाजाच्या जागी फक्त बँड. कविताची इच्छा होती की आप्पांना तो चेहरा एकदा नीट दिसावा.

मी लगेच घरच्या ग्रुपवर जाहीर केलं, की काचेसारखा स्वच्छ करून देतो. नवीन सॉफ्टवेअर आलीत, एकेक चित्र घासूनपुसून काढतात. मनमाडकरांनी हात जोडलेली चित्रं पाठवली. आप्पांनी एकच शब्द लिहिला, "बघू." (लग्नाच्या वेळी मी पदवीधर आहे असं कळल्यावरही ते हेच म्हणाले होते. पदवी असून मी रेल्वेत का लागलो नाही, हे कोडं त्यांना अजून सुटलेलं नाही.)

सॉफ्टवेअर सुरू केलं तर ते म्हणालं, काम दोन आठवड्यांनी, सोमवारी पूर्ण होईल. आणि कार्यक्रम त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी!

म्हणून मी प्रोसेसर ओव्हरक्लॉक केला. म्हणजे कंपनीने ठरवून दिलेल्या वेगाच्या वर त्याला पळवायचं. वडील ट्रॉलीला फळ्या वाढवून मापाच्या वर कांदा भरायचे. मी तेच करत होतो, फक्त इंग्रजी मेनूतून. घरात फर्मान काढलं, की या यंत्राला कोणी हात लावायचा नाही. मग वेग वाढवला, व्होल्टेज वाढवलं, तासभर तपासून पाहिलं, सगळं उत्तम. काम लावून कंपनीत गेलो. संध्याकाळी निळा पडदा.

दुसऱ्या दिवशी व्होल्टेज थोडं आणखी वाढवलं. निळा. मेमरीच्या पट्ट्या काढून खोडरबरने घासल्या. निळा. मग मी विजेवर संशय घेतला. स्वयंपाकघरात "दुपारी मिक्सर लावू नये" अशी पाटी लावली. दुपारी घरात एकटी आई असते, आणि ती मिक्सरला घाबरते, पाट्याशिवाय चटणी वाटत नाही, तरी लावली. मग वरच्या मजल्यावर आहेरकाकांकडे गेलो आणि त्यांच्या पाण्याच्या मोटारीमुळे माझ्या प्रोसेसरवर परिणाम होतोय, असं त्यांना समजावलं. आहेरकाका सज्जन माणूस. त्यांनी मोटार पहाटे लावायला सुरुवात केली. त्यांच्या घरी दुपारी पाणी नाही आणि माझ्या घरी संध्याकाळी निळा पडदा, असं चार दिवस चाललं.

उष्णता हे कारण मी पहिल्याच दिवशी बाद केलं होतं. प्रोसेसर तापला की बंद पडतो, हे मला ठाऊक होतं. पण निफाडचा पारा रोज पेपरात पहिल्या पानावर येत होता, आम्ही घरात स्वेटर घालून जेवत होतो, त्या हवेत तापणार कसा? शास्त्र आहे हे.

त्या दिवसांत मला आधार होता तो जेवणाचा, खास करून दह्याचा. डिसेंबरच्या थंडीत दही म्हणजे एरवी आमच्याकडे ताकाचा थोरला भाऊ. आई ते पिठाच्या डब्यात ठेवायची, गव्हात पुरायची, तरी पातळच. त्या आठवड्यात मात्र वाटी उलटी केली तरी हलणार नाही असं दही! मी दोन-दोन वाट्या घ्यायचो. एवढ्या थंडीत कसं काय, असं विचारलं तर आई म्हणाली, "हाताचा गुण हाय," आणि लगबगीने आत गेली. मग मी कविताला दह्यातले जंतू कसे काम करतात यावर सविस्तर माहिती दिली. उबदार जागा लागते त्यांना, असंही मीच सांगितलं.

शनिवारी आमच्या कंपनीला सुट्टी. मी सकाळपासून खुर्ची टाकून कम्प्युटरसमोर पहारा दिला. दिवसभर एकदाही अडला नाही. आई मात्र बेचैन होती. दर अर्ध्या तासाने हॉलमध्ये यायची, माझ्याकडे बघायची. आज कुठं जायचं नाही का? भाजी आणायची होती. बऱ्याच दिवसांत देवळात गेला नाहीस. मी म्हटलं, आई, मी हललो तर हा बंद पडतो. ती सुस्कारा टाकून आत गेली. त्या रात्री दही पातळ होतं. मी तक्रारही केली.

एका दिवसात काम पुरं झालं नव्हतं, आणि दुसऱ्या दिवशी, मधल्या रविवारी, मित्राकडे बारसं. आम्ही दोघं परत येईतो पुन्हा निळा!

"तुमच्याशिवाय करमत नाही त्याला," कविता म्हणाली. "एक करा, तुमचा तो गाऊनमधला फोटो ठेवा त्याच्यासमोर. निदान वाटेल तरी त्याला, की साहेब बसलेत."

हे ती चिडून म्हणाली होती. पण खरं सांगू का, सोमवारी कामावर जाताना मी फोटो भिंतीवरून काढून टेबलावर ठेवला. कोणी बघत नाही याची खात्री करून. बी.एस्सी. असलो म्हणून काय झालं, आता कार्यक्रमाचाच रविवार उरला होता.

फोटोचा काही उपयोग झाला नाही. दोन दिवसांनी कंपनीत यंत्र बिघडलं म्हणून आम्हाला दुपारीच सोडलं. मी घरी आलो, दार ढकललं, तर हॉलच्या कोपऱ्यात कोणीतरी म्हातारी गोधडी पांघरून बसलेली. मला वाटलं सायखेड्याहून मावशी आली. म्हटलं, कधी आलात? मावशी काही बोलेना, नुसती घुमत होती. जवळ गेलो आणि गोधडी उचलली.

आत आमचा कम्प्युटर. त्याच्या मागच्या पंख्याला, जिथून आतली सगळी गरम हवा बाहेर पडते तिथे, अगदी चिकटून एक भलंमोठं पातेलं. पातेल्यावर झाकण. आणि झाकणावर मी. काळ्या गाऊनमध्ये, हातात पदवी घेऊन.

"हात नको लावू," मागून आई म्हणाली. "मोडंल."

"आई, हे काय आहे?"

"दही."

"मी सांगितलं होतं ना, यंत्राला हात लावायचा नाही म्हणून?"

"मी कुठं लावला? नुसतं शेजारी ठेवलं."

"आणि गोधडी?"

"मग ऊब सगळी खिडकीतून जाती ना."

"आणि माझा फोटो?"

"झाकण हलत होतं. वजनाला ठेवला." मग ती पुढे आली, तक्रार तिचीच असल्यासारखी. "संजू, एक सांग. परवा लय घट्ट लागलं होतं. काल एकदम पातळ. काल तू ह्याला कमी केलं होतं का काय?"

मी खुर्चीत बसलो. आदल्या दिवशी मी खरंच वेग खाली आणला होता.

तेवढ्यात कविता शाळेतून आली. गोधडी, पातेलं, फोटो, मी, असं क्रमाने बघितलं, आणि खांद्यावरची पर्स न काढता जमिनीवर बसून हसत सुटली. हसणं थांबल्यावर मात्र तिने डोळे पुसले आणि हळूच विचारलं, "अहो, पण माझ्या आईचं तेवढं होईल ना रविवारपर्यंत?"

आपल्या पातेल्याने काय अडत होतं, ते आता आईच्या लक्षात आलं. ती श्रीखंडाची तयारी करत होती. आप्पांना श्रीखंड आवडतं, पण विकतच्या चक्क्याचं ते तोंडात घेत नाहीत, हे कविताने कधीतरी बोलून दाखवलं होतं. वीस माणसांचं दही थंडीत लागेल का, म्हणून ती रोज दुपारी थोडं थोडं लावून बघत होती आणि मी यायच्या आत उचलत होती. आपल्या व्याह्यांसाठी ती जे करत होती, त्याने माझं काम बुडत होतं, तेही त्याच व्याह्यांसाठी!

"मला काय माहीत," आई म्हणाली. तिने पातेलं उचलायला हात घातला. "राहू दे. मी चक्का विकतच आणते."

आमच्या घरात हे वाक्य आजवर कोणी उच्चारलं नव्हतं. पिशवीच्या दुधाचा चहा झाला तरी नाक मुरडणारी माझी आई, विकतचा चक्का! माझ्याच्याने ते बघवेना.

"ठेव ते," मी म्हणालो. "फक्त एक वीत लांब ठेव. आणि गोधडी काढ."

मग कविताने वाटणी करून दिली. सगळी कॅसेट घासत बसायची नाही, फक्त फेट्याचा प्रसंग. वेग पुन्हा वर. पातेलं वीतभर लांब, पण गरम हवेच्या वाटेत. फोटो भिंतीवर. मी पहिल्या दिवशीचे आकडे परत घातले, तेच आकडे जे मी इतके दिवस चुकीचे समजत होतो, आणि कम्प्युटर एकदाही अडला नाही. माझं ओव्हरक्लॉक पहिल्या दिवसापासून बरोबर होतं! हे मी दोघींना मोठ्या आवाजात सांगितलं. आई झाकण उचलून बोटाने दही बघत होती. "आता जमलं," ती म्हणाली. ते मला नव्हतं.

रविवारी मनमाडची मंडळी आली. औक्षण झालं, आणि मी टीव्हीवर तो प्रसंग लावला. धुकं नव्हतं. सासूबाई मांडवाच्या दारात उभ्या, नाकातली नथ दिसतेय, हनुवटीवरचं गोंदण दिसतंय. त्यांनी फेटा सरळ केला, काहीतरी बोलल्या, हसल्या. संपलं.

"मागे घ्या," आप्पा म्हणाले.

मी मागे घेतलं. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी आप्पांचा हात आपोआप डोक्याकडे गेला. तिथे आता टोपी होती, ती त्यांनी सरळ केली.

"सरळ उभं राहा, गार्डसाहेब," ते म्हणाले. आम्हाला वाटलं कोणाला सांगताहेत. "हे म्हणाली होती ती. विसरलो होतो मी. ओठ दिसले तसं आठवलं." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "चांगलं काम केलंत, जावईबापू."

लग्नानंतर पहिल्यांदा! मी ओव्हरक्लॉक म्हणजे काय ते सांगायला तोंड उघडलं, तोवर पानं वाढली होती. आप्पांनी श्रीखंडाचं बोट चाटलं आणि थांबले. या थंडीत असं दही कशात लावलं, म्हणून त्यांनी आईला विचारलं.

"ह्याच्या कम्प्युटरवर," आई म्हणाली. आणि मग सगळ्या पंगतीला तिने पातेल्याची जागा, हवेची दिशा आणि वीतभर अंतर, इतकं व्यवस्थित समजावून सांगितलं की माझ्यासाठी काही शिल्लकच राहिलं नाही.

फेट्याच्या प्रसंगाची आठवण मनमाडला अजून काढतात. पण फोन येतात ते दह्यासाठी.

परवा आहेरकाका खाली आले. मला वाटलं, मोटारीचा हिशोब चुकता करायला आले. मी आधीच माफी मागायला लागलो, तर ते म्हणाले, ते सोडा हो, नातीला कम्प्युटर घ्यायचाय, तुम्ही जाणकार आहात. मला बरं वाटलं. चष्मा पुसून मी विचारलं, अभ्यासाला हवाय की व्हिडिओच्या कामाला?

"ते तिचं ती बघेल," आहेरकाका म्हणाले. "तुमची काकू विचारतेय, दोन लिटरला पुरेल ना?"

आणि मी, घराण्यातला पहिला पदवीधर, भिंतीवरच्या स्वतःच्या फोटोखाली उभा राहून म्हणालो, "तीनपर्यंत जातं, काका. फक्त गोधडी घालू नका."