ताज्या गोळ्या

वडिवळ्याच्या चंपामावशीला सोमवारी दमा असतो आणि गुरुवारी पित्ताचे खडे. मधल्या वारी तिची तब्येत ठणठणीत. भाताच्या खाचरात दिवसभर वाकून काम करायला ती तरण्या बायांना हार जात नाही. ऐकणाऱ्याला वाटावं, बाईचं डोकं फिरलंय. तसं काही नाही. मावशी आजारी पडायच्या नोकरीवर आहे.

तळेगावात एक कॉलेज आहे, तिथे फिजिशियन असिस्टंट घडवतात. म्हणजे डॉक्टर नव्हेत आणि नर्सही नव्हेत. पदवीनंतर आणखी दोन वर्षं शिकायचं आणि मग डॉक्टरच्या हाताशी राहून पेशंटची हकिगत विचारायची, तपासायचं, टाके घालायचे, घरच्यांना समजावून सांगायचं. वडिवळ्यात त्यांना सरळ ‘अर्धे डॉक्टर’ म्हणतात आणि उरलेला अर्धा कुठे सांडला म्हणून हसतात. हसोत बापडे. पण या मुलांच्या हाती एकदम खरा आजारी माणूस द्यायचा कसा, हा प्रश्न आहेच. म्हणून आधी खोटा देतात. मावशीचा मुलगा आकाश तिथल्याच एका कारखान्यात कामाला, त्याच्या ओळखीने मावशी खोटी पेशंट झाली.

तिथे शिकवणाऱ्या चैताली मॅडम तिला आजार वाचून दाखवायच्या. दुखतं कुठे, कधीपासून, रात्री झोप लागते का. आणि एक नियम पहिल्याच दिवशी सांगितला होता, “मावशी, विचारल्याशिवाय काही सांगायचं नाही. विचारलं तरच सांगायचं.”

हा नियम मावशीला फार आवडला. तिचा जन्म असाच गेला होता, फक्त विचारणारं कुणी नव्हतं. आता पांढऱ्या कोटातली पोरं खाटेशी येऊन विचारायची, “मावशी, घरी कोण कोण असतं? जेवण जातं का?” ती डोळे अर्धे मिटून उत्तरं द्यायची. वर पंखा संथ फिरायचा, शेजारच्या खाटांवर सरावासाठी ठेवलेली प्लास्टिकची माणसं निमूट पडलेली असायची आणि सांगितलेला आजार हळूहळू अंगात उतरायचा. दम्याच्या दिवशी तिला खरंच धाप लागायची. खाट धरणाच्या पाण्यावर सोडल्यासारखी वाटायची, आणि मग काठावर बाजीराव दिसायचा.

बाजीराव म्हणजे तिचा नवरा, वडिवळे धरणावरचा राखणदार. संध्याकाळी ती तळेगावहून गाडीने कामशेतला उतरली की तो स्टेशनबाहेर उभाच असायचा, डोक्याला मफलर, बगलेत काठी. धरणाच्या वाटेवर धुकं उतरायचं आणि तो तिच्या मागून एक पाऊल राखून चालायचा. ती दिवसभराचे आजार त्याला सांगायची. तो हसायचा, बोलत मात्र काही नसे. घराच्या उंबऱ्याशी आलं की मागे कुणी नसायचं.

बाजीरावाला जाऊन बरीच वर्षं झाली होती. गावाला हे माहीत होतं, मावशीलाही माहीत होतं म्हणा. तिने सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं, विहारात त्याच्या पुण्यानुमोदनाच्या प्रार्थनेला बसली होती. तरी गाडीत एखादी बाई सहज विचारायची, “मालक काय करत्यात?” आणि मावशीच्या तोंडून निघायचं, “धरणावर असत्यात.” खोटं बोलल्यासारखं तिला कधी वाटलं नाही.

आता यात गडबड झाली ती नव्या पाठामुळे. मॅडम म्हणाल्या, “मावशी, या वेळी तुम्ही पेशंट नाही, पेशंटची बायको. नवरा आत आयसीयूत आहे. तो गेल्याचं पोरं तुम्हाला येऊन सांगणार. वाईट बातमी कशी सांगायची हेही शिकावं लागतं. शेवटच्या परीक्षेत हे आहे.”

“बरं की,” मावशी म्हणाली. तिला त्यात काही विशेष वाटलं नाही.

सरावाला सृष्टी आली. लोणावळ्याची ही पोर अभ्यासात तल्लख, बोलायला लागली की गाडी सुटल्यासारखी. नेमका हाच पाठ तिला जमत नव्हता. दोनदा मॅडमची बोलणी खाल्ली होती आणि परीक्षेत इथे नापास म्हणजे वर्ष वाया. त्या धास्तीने ती दारातूनच सुरू झाली, “नातेवाईक तुम्हीच ना? आम्ही पूर्ण प्रयत्न केले, पण सॉरी, एक्सपायर झालेत.”

मावशी बाकावरून उठली आणि पिशवी उचलून दाराकडे निघाली.

“मावशी, कुठे चाललात?”

“दुसऱ्या आनते की ताज्या,” मावशी म्हणाली आणि दाराशीच थांबली. आपण काय बोललो ते तिच्या कानांनी मागाहून ऐकलं. सृष्टीने मावशीचा हात धरून तिला बसवलं आणि विचारलं, “कसल्या ताज्या, मावशी?”

विचारलं तर सांगायचं, नियमच होता. मावशीने सांगितलं.

बाजीरावाच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा त्याला पुण्याकडच्या एका मोठ्या दवाखान्यात नेलं होतं. नर्सने विचारलं, घरी कुठल्या गोळ्या चालू होत्या? मावशीने पिशवीतलं प्रेशरच्या गोळ्यांचं जुनं पाकीट काढून दिलं. मग ती बाहेर बसली. बऱ्याच वेळाने एक पोरगेला डॉक्टर घाईघाईत आला, “एक्सपायर झालेत, मावशी,” म्हणाला आणि कुणीतरी हाक मारली म्हणून तसाच पळाला. एक्सपायर हा शब्द मावशीला चांगला ठाऊक होता. कामशेतचा सुहास मेडिकलवाला पाकीट उलटंपालटं करून हेच म्हणायचा, या एक्सपायर झाल्यात मावशी, दुसऱ्या देतो. मावशीला वाटलं, जुन्या गोळ्या दिल्या म्हणून डॉक्टर रागावला. ती जिने उतरून खाली गेली, रांगेत उभी राहिली, ताज्या गोळ्या घेतल्या आणि धापा टाकत वर आली. पाहते तर पडदा ओढलेला आणि चादर तोंडावर.

“म्या म्हनलं, ह्या घ्या ताज्या आनल्यात. कोन काय बोललंच न्हाई. मग आकाश आला, गळ्यात पडून रडला. समद्यांला वाटलं, मला ठावं हाय.”

“मग तुम्हाला सांगितलं कोणी, मावशी?”

मावशीने खूप विचार केला. “कुनीच न्हाई गं पोरी,” ती म्हणाली. “इचारलंबी न्हाई.”

सृष्टीच्या डोळ्यांत पाणी आलं. मावशीनेच तिची समजूत घातली, तुजी चूक न्हाई, शब्दच मेला तसला. पण त्या संध्याकाळी कामशेतला उतरल्यावर मावशीने आधी स्टेशनबाहेर नजर टाकली. बाजीराव उभा होता, पण जरा लांब, झाडाखाली. वाटेने तिला उमगलं की परीक्षेच्या दिवशी कुणी ते वाक्य नीट सांगितलं तर हा पुन्हा यायचा नाही. मॅडमना सांगून या पाठाऐवजी दमा मागून घ्यावा असं तिच्या मनात आलं. आणि कुणीतरी एकदा समोर बसून सांगावं असंही वाटत होतं, तहान लागावी तसं वाटत होतं. तिने मॅडमना काही सांगितलं नाही.

परीक्षेच्या दिवशी ओळीने खोल्या लावल्या होत्या. प्रत्येक खोलीत एक खोटा पेशंट, कोपऱ्यात परीक्षक आणि घंटा झाली की पोरांनी पुढच्या खोलीत जायचं. मावशीच्या खोलीत चैताली मॅडमच बसल्या होत्या. एका मुलाने सांगितलं की आम्ही त्यांना वाचवू शकलो नाही. एकीने म्हटलं, ते आता आपल्यात नाहीत. पोरं चांगली होती, मनापासून बोलत होती. मावशी ठरल्याप्रमाणे पदर तोंडाला लावायची, “कवा?” म्हणायची, आणि घंटा व्हायची. डोळे कोरडेच राहत होते. खिडकीबाहेर कुंपणाच्या भिंतीवर बाजीराव काठी घेऊन बसला होता. त्याला बघून मावशीचा जीव भांड्यात पडत होता.

मग सृष्टी आली. तिने दार लावलं. कोपऱ्यातलं स्टूल ओढून ती इतकी जवळ बसली की दोघींचे गुडघे टेकले. या वेळी ती घाईत नव्हती.

“मावशी, सोबत कोण आलंय?”

“म्या एकलीच हाय.”

“मग मी बसते तुमच्याजवळ. एक वाईट गोष्ट सांगायची आहे.”

नको सांगू, पोरी. मावशीला म्हणायचं होतं. तिने खिडकीकडे पाहिलं. बाजीराव भिंतीवरून उतरत होता, सावकाश, गुडघा सांभाळत, नेहमी उतरायचा तसाच.

“मावशी, तुमचे मालक वारले.”

एवढंच म्हणून सृष्टी गप्प बसली. तिने पुढे शब्द लावले नाहीत, सॉरी म्हटलं नाही. नुसता हात धरून बसली. मावशी तिच्या तोंडाकडे पाहत राहिली. मग पाठात नसलेलं विचारून बसली.

“जुन्या गोळ्या दिल्या म्हून का गं? ताज्या आदीच आनल्या असत्या तर?”

कोपऱ्यात मॅडमनी मान वर केली. पाठात गोळ्या कुठेच नव्हत्या.

“नाही, मावशी,” सृष्टी म्हणाली. “आमच्याकडे दिलेल्या गोळ्या आम्ही नुसत्या बघतो, कुठल्या चालू होत्या ते कळावं म्हणून. जुन्या आहेत म्हणून कुणी जात नाही. तुमच्याकडून काही राहिलं नाही.”

मावशीला रडू फुटलं. पदर तोंडाला लावायचं भान राहिलं नाही. खाचराचा बांध फुटावा तशी ती रडली, आवाज काढून, नाव घेऊन. घंटा झाली. सृष्टी उठली नाही. बाहेर पुढच्या पोराने दार वाजवलं, तरी नाही. मावशीने आपणहून हात सोडला तेव्हा सृष्टी उठली, आणि पुढच्या खोलीत अर्थातच उशिरा पोचली. तिथले गुण गेले. पण पास झाली, हे सांगून टाकलेलं बरं.

दुपारची गाडी जवळजवळ रिकामी होती. मावशी खिडकीशी बसली. बाहेर भात पिवळा पडत आला होता. तिने मागे वळून पाहिलं नाही. समोर एक बाई मांडीवर टोपली घेऊन बसली होती. कामशेत यायच्या आत तिने गप्पांना सुरुवात केली, गाव कोणतं, पोरंबाळं किती.

“आन् मालक काय करत्यात?”

“वारले,” मावशी म्हणाली.

“अगं बाई! कवा?”

“झाली लय वर्सं,” मावशी म्हणाली. “मला आज कळलं.”