टोरांटोहून तेरा तासांत

ती घटना आठवायला मला जुनं दप्तर उघडावं लागत नाही. निवृत्तीला वर्ष उरलं होतं आणि खरं सांगायचं तर मी पोलिसातल्या नोकरीला विटलो होतो. अंथुर्ण्याजवळ एक निवृत्त शिक्षक आपल्या विहिरीपाशी मरून पडलेले सापडले. डोक्याला जखम. गावात सगळे त्यांना आबा म्हणत. घरी एकटेच, एकुलता मुलगा टोरांटोला. आम्ही पंचनामा केला, अकस्मात मृत्यूची नोंद घेतली. संध्याकाळी सातला शेजाऱ्यांनी मुलाला कळवलं.

दुसऱ्या दिवशी शवविच्छेदनानंतर मुलानंच अग्नी दिला. गाव म्हणालं, पोरगं असावं तर असं! मीही मान डोलावली.

तिसऱ्या दिवशी बर्फाची शवपेटी भाड्यानं देणारा माणूस ठाण्यात आला. आधी चहा संपवला, मग म्हणाला, "सायेब, परदेशातलं पोरगं म्हणलं की माझी पेटी दोन दिवस गुतती. हितं मी सकाळी आठला पेटी घिऊन गेलो, तर पोरगंच दारात उभं! म्हणलं, पेटी माघारी न्या. आता तुमीच बघा."

मला स्वतःचीच लाज वाटली. हवालदारानं संगणकावर पाहिलं. टोरांटो ते मुंबई साधारण साडेबारा हजार किलोमीटर. विमान बदलून यायचं तर वीस तास कुठं गेले नाहीत, पुढं मुंबईहून गाडीचे पाच-सहा तास वेगळेच. हा तेरा तासांत दारात! डोक्याची जखम, बागायती जमीन, खोटं बोलणारा वारस. मला खुनाचं कलम दिसू लागलं.

त्याला बोलावून घेतलं.

"थेट विमान मिळालं, साहेब."

"पासपोर्ट काढ."

भारतात उतरल्याचा शिक्का चार महिन्यांपूर्वीचा. तिकडची नोकरी गेली होती. आबांना काय तोंड दाखवायचं म्हणून पठ्ठ्या पुण्यात भाड्याच्या खोलीत राहत होता. दर रविवारी टोरांटोची वेळ बघून आबांना फोन करायचा.

घटनेच्या दिवशी तो पुण्यातच होता, इमारतीच्या कॅमेऱ्यात दिसला. डॉक्टरांचा अहवालही आला: हृदयविकाराचा झटका, जखम पडताना झालेली. खून नव्हताच. कागद पूर्ण करायचे म्हणून मी आबांचा फोन चाळला. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांपासून मुलाला लागोपाठ तीन कॉल. एकही उचललेला नाही.

"हे पाहिले होतेस?"

"व्हय. फोन हातातच हुता." त्याची नजर टेबलावरून हलेना. "तिकडं पहाटचे पावणेपाच असत्यात. उचलला असता तर खालच्या रिक्षांचा आवाज गेला असता, साहेब." आणि एकदम ओरडला, "आबा अवेळी कधीच फोन करत न्हाईत, हे मला म्हाईत हुतं!"

पुण्याहून अंथुर्णे गाडीनं तीन तास. शेजाऱ्याला नुसता एक फोन केला असता तर कोणीतरी विहिरीकडं धावलं असतं. हे मी त्याला बोललो नाही. त्याला ते कळत होतं.

याला कुठलं कलम लावणार? अंतिम अहवाल पाठवला आणि सही घेऊन आबांचा फोन त्याच्या ताब्यात दिला. चोर ओळखण्यात माझा जन्म गेला, पण लाजेपोटी घरच्यांपासून लपणारा माणूस मला ओळखता आला नव्हता.

त्या संध्याकाळी घरी आलो आणि बूट काढायच्या आधी बंगळुरूच्या माझ्या मुलाला फोन लावला. म्हटलं, "नोकरी राहू दे नाहीतर जाऊ दे, माझा फोन आला की उचलत जा."

"काय झालं, बाबा? आज एकदम असं?" तो हसत म्हणाला.

"जेवलास का?" एवढंच विचारलं.