मुरलीभाऊंचे डोळे

गोंडपिपरीचे मुरलीभाऊ भोयर वीस वर्षांपासून लग्नांची शूटिंग करतात. कॅमेऱ्याच्या ज्या काचेला डोळा लावायचा, तिच्यावर घामानं वाफ धरते. मग भाऊ ती बोटानं पुसतात. त्याच बोटानं ते तंबाखू-चुन्याचा खर्रा तोंडात टाकतात. बिदाईला डोळा काचेला चिकटलेलाच असतो, त्यामुळे नवरीच्या आधी यांच्या डोळ्याला धार लागते. जिल्हाभर नाव झालं, की असा मायाळू शूटिंगवाला दुसरा नाही.

मला, म्हणजे त्यांच्या साळ्याला, हे बघवेना. म्हटलं, "भाऊजी, काचेले थोडं साबण लावा आन् कोरड्या फडक्यानं पुसा. वाफ धरत नाई."

आलापल्लीच्या लग्नात मी सोबत होतो, तिथं त्यांनी तसं केलं. काच लख्ख, डोळे कोरडे. बिदाईला नवरीची आई रुखमाबाई रडता रडता थांबली आणि थेट त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"काऊन भाऊ, मोठीच्या लग्नाच्या वक्ताले तर धाय मोकलून रडले होते. हिच्यात का कमी दिसली तुमाले?"

मुरलीभाऊंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, खिशातून खर्रा काढला आणि त्यात बोट घालून काच नीट पुसून घेतली.