येसर आणि बत्तीस डबे

शाश्वत सामाजिक उद्योजकता हे तीन शब्द मी बेंबळीत पहिल्यांदा फळ्यावर लिहिले, तेव्हा मागच्या रांगेतून प्रश्न आला, "मॅडम, यात नेमकं विकायचं काय?"

मी खडू ठेवला, पदर खोचला आणि दहा मिनिटं हातवाऱ्यांसकट भाषण ठोकलं. धंदा असा करायचा की गावाचं भलं होईल, माती-पाणी नासणार नाही आणि उद्या अनुदान थांबलं तरी काम थांबणार नाही. भाषण झकास झालं. टाळ्या पडल्या. मागची पोरगी तशीच उभी होती. "व्हय, पण विकायचं काय?"

मी धाराशिवच्या एका कॉलेजात वाणिज्य शिकवते. त्या वर्षी शहरातल्या एका संस्थेनं दहा मुलींचा हा वर्ग मला दिला होता, म्हणून शनिवार-रविवारी एसटीनं बेंबळी गाठायचे. ती प्रश्न विचारणारी चष्मेवाली बारावी होऊन घरी बसलेली होती. आठ दिवसांत तिनंच उत्तर शोधलं. येसर विकायचा. ज्वारी, गहू, हरभऱ्याची डाळ खमंग भाजायची, धणे-मिरची-मसाला मिसळून दळायचं. दोन चमचे पाण्यात कालवून फोडणीत ओतलं की लग्नाच्या पंगतीतली आमटी घरच्या ताटात. खायला सगळ्यांनाच हवी, भाजत बसायला वेळ कुणाला नाही.

मुलींनी एकच अट घातली, प्लॅस्टिक नको. गावाबाहेरच्या ओढ्यात पिशव्यांचा थर साचलेला, आणि एकीच्या घरची गाभण शेळी पिशवी खाऊन मेलेली. माल स्टीलच्या डब्यात द्यायचा आणि डबा परत घ्यायचा. इतके डबे आणायचे कुठून? चष्मेवालीच्या आईनं तिच्या लग्नासाठी कपाटात बत्तीस डबे जमवून ठेवले होते. लेकीनं ते उचलून वर्गात आणले. आईनं जाब विचारला तेव्हा म्हणाली, माझ्या लग्नात मलाच देणार होतीस ना, मग आत्ताच दे.

मी तर खूश. पुस्तकात छापावा असा नमुना माझ्या वर्गात घडत होता. प्रत्येक डब्यावर चिकटवायची चिठ्ठी मी स्वतः सांगून लिहून घेतली: डबा रिकामा करून, स्वच्छ धुऊन आठ दिवसांत परत करावा.

तीन आठवडे झाले. बत्तीस डबे गेले, चार आले. येसर लोकांना आवडला होता. बाया रस्त्यात अडवून आणखी मागत होत्या, पण आलेले चार पुन्हा भरून गेल्यावर भरायला डबाच नव्हता. मी फळ्यावर अनामत रकमेची पद्धत समजावली. मुलींनी ती पहिल्याच घरी बोलून दाखवली, तर त्या घरच्या काकूंनी "आमच्यावर भरवसा न्हाय व्हय?" म्हणत दार लावलं आणि मग अर्धा दिवस गल्लीभर तेच सांगत फिरल्या. पद्धत तिथंच संपली.

त्याच शनिवारी चष्मेवालीची आई वर्गाच्या दारात येऊन उभी राहिली. आत आली नाही. माझ्याकडे बघतही नव्हती.

"पुढच्या शनवारपर्यंत माझे डबे घरात," ती लेकीला म्हणाली. "न्हाय तर तू घरात."

पोरीनं चष्मा काढला, ओढणीनं पुसला, परत लावला. हा वर्ग गेला तर तिला घराबाहेर पडायला दुसरं निमित्त नव्हतं, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

त्यातच संस्थेच्या साहेबांचा फोन. छापील, चकचकीत प्लॅस्टिकची पाकिटं तयार आहेत, सोबत दळायचं मशीन फुकट. पाकिटं घेणार नसाल तर मशीनही नाही. पुढच्या शनिवारी येतो, निर्णय सांगा. खरं सांगते, परतीच्या एसटीत मी मनातल्या मनात होकार देऊन टाकला होता. पाकिटं घ्यावीत, आईचे डबे सोडवावेत, पोरीला वर्गात ठेवावं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी घरोघर डबे मागत निघालो. पहिल्याच ओट्यावर एक म्हातारी शेंगा फोडत बसली होती. डबा तिच्या मागच्या कोनाड्यात, घासून लखलखीत केलेला. मुलीनं मागितला.

"रिकामा कसा दिऊ गं?" म्हातारी म्हणाली. "परवा नातू गूळ आणतूय. मग भरून देते की."

मी तिथंच ओट्यावर बसले आणि हसत सुटले. शेजारणीची वाटी बारा दिवस माझ्या स्वतःच्या स्वयंपाकाच्या ओट्यावर पडून होती, कारण तिच्यात घालून पाठवावं असं घरात काही झालेलं नव्हतं. आमच्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. जन्म याच जिल्ह्यात गेला, आणि मी बाई बत्तीस घरांना लेखी कळवलं होतं की भांडं रिकामं धाडा. लोक डबे दाबून बसले नव्हते. पुरणपोळीची, गुळाची, बोरांची वाट बघत होते.

चष्मेवाली हसली नाही. तिनं वहीचं पान फाडलं आणि म्हातारीच्या ओट्यावरच नवी चिठ्ठी लिहिली: डबा रिकामा देऊ नका. मूठभर हरभऱ्याची डाळ, ज्वारी, गहू नाही तर धणे, घरात असेल ते चालेल. म्हातारीला वाचून दाखवली. ती उठली, आत गेली, आणि डब्यात दोन मुठी डाळ घालून घेऊन आली. येसराला लागतं तेच. पोरीनं तोच निरोप गावभर फिरवला.

शनिवारी साहेब पाकिटांचे नमुने घेऊन आले. वर्गात सतरंजीवर तीस डबे मांडलेले, प्रत्येकात काही ना काही. दोन अजून यायचे होते. एकात तर दाणे आणि वर लिंबू. साहेबांना आम्ही सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि सांगितलं की हा शेजारधर्म झाला, उद्योग नव्हे. दहा गावांत वाढवायचं तर पाकीटच लागेल.

मी तोंड उघडणार, तोच चष्मेवाली उठली.

"साहेब, तुमचं पाकीट कुणी भरून परत आणून देतं का?"

साहेब माझ्याकडे वळले. मी मान हलवली. पाकिटं नकोत, मशीनही नको, गिरणी आहे गावात. ते म्हणाले, अहवालात तसं लिहावं लागेल. मी म्हटलं, ठळक अक्षरांत लिहा. बोलताना माझा हात आपोआप छातीवर गेला होता आणि मुली तोंड लपवून हसत होत्या, तरी बोलले ते खरंच होतं. मशीन कधीच आलं नाही. दुसरा वर्गही मला मिळाला नाही. संस्थेनं त्या वेळी मला हट्टी ठरवलं, आणि हे प्रमाणपत्र मी आजवर मिरवते.

साहेब गेल्यावर आई आली. हातात रिकामं पोतं. तिनं एकेक डबा उचलून पाहिला. लेकीचं नाव कोरलेले सहा बाजूला काढले, त्यातलं धान्य वर्गातल्या सुपात ओतलं, डबे पोत्यात घातले. पोरगी भिंतीला टेकून नुसती बघत होती.

मग आईनं सुपातली डाळ बोटांनी पसरली आणि तिच्या कपाळावर आठी पडली.

"ही न निवडताच भाजता व्हय तुमी?" पहिल्यांदाच ती माझ्याशी बोलली. "खडा हाय हिच्यात. कोण शिकवतं हे पोरींना?"

मी शिकवते, असं सांगायची सोय नव्हती. तिनं पोत्यातले डबे काढून बाजूला ठेवले, पोतं अंथरून त्यावर बसकण मारली, सूप मांडीवर घेतलं आणि लेकीला म्हणाली, "उरलेले डबे हिकडं घे. बसा सगळ्या. मॅडम, तुमी बी."

मी बसले.