बाबांचा अंगठा

माझे वडील नदीवरच्या बालाजी घाटावर यजमानांची श्राद्धं करत. पौषातल्या थंडीतही अनवाणी. त्या वर्षी त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा आधी निळा पडला, मग काळा. डॉक्टरांनी घोट्यापाशी नाडी शोधली. सापडली नाही.

"इथपर्यंत रक्तच पोचत नाहीये," त्यांनी मला सांगितलं. "अंगठा काढावा लागेल. तंबाखू आजपासून बंद. आणि पाय शेकू नका, भाजलेलं कळणार नाही."

बाबा तंबाखू मळतच बाहेर पडले. "डॉक्टरला काय मालूम? व्यंग असलेला ब्राह्मण श्राद्धाला चालत नाही. अंगठा कापून घरी माशा मारू का?"

कॉलेजात शिकवणारी बाई मी, वर्गात माझा दरारा आहे. पण बाबांपुढे माझी दातखीळ बसायची. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, आणि त्यांना उलटून बोलायची रीतच नव्हती. महिनाभर मी नुसती आदळआपट केली. भांडी आपटली, दारं आपटली, एकदा तंबाखूची डबी खिडकीतून गल्लीत भिरकावली. त्यांनी दुसरी आणली.

एका सकाळी स्वयंपाकघरात जळक्या कातड्याचा वास आला. बाहेर येऊन बघते तर बाबा पोथी वाचत बसलेले आणि पाय बोरसीतल्या, म्हणजे मातीच्या शेगडीतल्या, निखाऱ्यांवर. अंगठ्याचं कातडं तडकून धूर निघत होता. त्यांना पत्ताच नव्हता.

मी किंचाळून पाय ओढला. "सोड! हात लावू नकोस!" म्हणत त्यांनी शेजारचा तांब्या माझ्या कपाळावर हाणला. रक्त डोळ्यात उतरलं. आणि मी माझ्या बापाच्या थोबाडीत दिली. एक नाही, दोन. वाईट वाटलं म्हणू? नाही वाटलं. मोकळं वाटलं.

"उठा," मी ओरडले. "श्राद्धं गेली चुलीत. मला बाप हवाय."

बाबांनी पोथी मिटली आणि ते उठले. शेजाऱ्यांनी त्यांना खुर्चीत बसवून गल्लीच्या तोंडापर्यंत नेलं.

डॉक्टर माझ्यावरच भडकले. विष वर चढलं होतं. अंगठ्यावर भागलं नाही, गुडघ्याखालून पाय गेला.

शुद्धीवर आल्यावर बाबांनी चादरीखालची रिकामी जागा हाताने चाचपली. मी रडायला लागले. तुमच्यावर हात उचलला, माफ करा, मी म्हणाले. त्यांनी माझ्या कपाळावरच्या टाक्यांकडे पाहिलं.

"हात उचललास त्याचं काही नाही," ते म्हणाले. "महिनाभर आधी का नाही उचललास?"