नानांचा अर्ज

धुळ्याहून पोस्टकार्ड आलं तेव्हा मी जळगावच्या शाळेत पेपर तपासत होतो. "नाना गेले," एवढंच त्यांच्या मुलीनं लिहिलं होतं. शेजारच्या सरांनी विचारलं, "कोण हो?" मी म्हणालो, "जुन्या शाळेतले शास्त्राचे शिक्षक..." मित्र म्हणायला जीभ रेटली नाही. त्याला आता दीड महिना होत आला.

आम्ही धुळ्याला एकाच शाळेत होतो त्या वर्षी पांझरेकाठी सर्कस उतरली होती. सगळे वाघ बघायला जायचे. नाना मात्र शाळा सुटली की चिंपांझींच्या पिंजऱ्यासमोर उभे. आत मैना नावाची म्हातारी मादी आणि दुसरीकडून आणलेलं एक पिल्लू. एकदा नानांनी मलाही ओढून नेलं. खेळायचं असलं की पिल्लू हात झाडायचं, जमिनीवर थापा मारायचं, नुसता धिंगाणा. मैना जेमतेम तळवा पसरायची, आणि पिल्लू आपल्या तोंडातलं केळं तिच्या हातावर ठेवायचं. मग मैनेनं पाठ फिरवली. पिल्लानं हातवारे थांबवले, मागून जाऊन तिच्या खांद्याला हळूच हात लावला. जीव रमला की नाना अहिराणीत बोलायचे. "ती देखी नही राह्यनी, मंग हात हलाईसन काय फायदा? इतलं बी त्याले समजस! हाई बोलनंच शे, भाऊ." ती बघत नाही हे ओळखून पिल्लू हातवारे सोडतं, म्हणजे हे बोलणंच आहे, असं त्यांचं म्हणणं. खरं सांगतो, मला सगळं पटलं होतं.

पुढे कळलं, पिल्लाला खेळ शिकवायला वेगळ्या पिंजऱ्यात टाकणार. नानांनी सर्कसच्या मॅनेजरला अर्ज लिहिला, दोघांना एकत्रच ठेवा म्हणून. शिक्षकांच्या सह्या हव्या होत्या. "गॅदरिंग होऊ द्या, करतो," मी म्हणालो.

आणि गॅदरिंगमध्ये मी त्यांचीच नक्कल केली. घडीत नाना, घडीत मैना. तळवा पसरून "सही द्या हो, सही" करत स्टेजभर फिरलो. पोरं बाकांवर चढून हसत होती. पहिल्या रांगेत नाना आणि त्यांच्या पत्नी, अक्का. नानाही हसले... थोडा वेळ. त्यानंतर अर्जाचं नाव काढलं की शिक्षकांच्या खोलीत हशा व्हायचा. एकही सही झाली नाही. माझीही नाही. मागायला ते माझ्याकडे आले नाहीत, आणि मी आपणहून गेलो नाही. सर्कस हलली तेव्हा मैना एका ट्रकवर होती, पिल्लू दुसऱ्यावर. बघायला नाना एकटेच गेले होते.

परवा धुळ्याला जाऊन अक्कांसमोर बसलो. म्हणालो, "त्या नकलेची माफी मागायची राहून गेली."

"राग नव्हता रे त्यांना," अक्का म्हणाल्या. "घरी येताना म्हणाले, त्यानं हात अगदी मैनेसारखा पसरला. नीट पाहिल्याशिवाय तसं जमत नाही. त्याला समजलंय, तो सही करेल." मग म्हणाल्या, "सर्कस जाईपर्यंत अर्ज खिशात घालूनच शाळेत जायचे."